मिरजेला ठेवलेला तानपुरा

सोमवार, १३ जानेवारी २०२५. पुणे ते मिरज

तानपुरा गाडीत नीट निजवायला पाऊण तास लागला. मागची सीट पाडली, दोन गोधड्या अंथरल्या, भोपळ्याखाली उशी दिली आणि खुंट्यांभोवती शाल गुंडाळली. तारा आदल्या रात्रीच सैल करून ठेवल्या होत्या. गाडी धाकटा भाऊ चालवणार होता. मी मागे बसले, दांडीवर हात ठेवून.

हा तानपुरा बाईंचा. बाई गेल्या आषाढात गेल्या. त्यांचं नाव कुठल्या महोत्सवाच्या फलकावर कधी लागलं नाही. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत चाळीसहून अधिक वर्षं त्यांनी किराणा घराण्याची गायकी शिकवली, एवढंच. बारावं-तेरावं झाल्यावर त्यांच्या मुलीनं मला बोलावलं आणि म्हणाली, "आमच्याकडे आता गाणारं कोणी नाही. तू ने." मी आणला, आणि सहा महिने तो माझ्याकडे मुका उभा होता. वाजवायला घेतला की जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, तेवढी बरी लागायची, खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची तार, मात्र बसका. पूर्वी खर्ज खणखणीत उमटून मागे गुंजत राहायचा, ते गेलं होतं. पुण्यात दाखवला असता, पण तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या मागे मिरजेच्या दुकानाचा शिक्का होता आणि साल होतं १९७१. तो जिथून आला तिथेच न्यावा असं वाटलं.

तारीख मी मुद्दाम धरली. किराण्याच्याच गायिका प्रभाताई अत्रे गेल्या त्याला आज एक वर्ष झालं. त्या दिवशी शनिवार होता आणि मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. सकाळी पुण्यात हृदयविकारानं त्या गेल्या. वय ९१. त्याच्या चारच दिवस आधी, ९ जानेवारीला, कोलकात्यात गायक राशिद खाँ गेले होते, अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी. त्या आठवड्यात आमच्या वर्गात कुणी नीट गायलंच नाही. बाई तेव्हा होत्या. त्यांनी सगळ्यांना पाठीमागे बसवलं, स्वतः हाच तानपुरा घेतला आणि अर्धा तास नुसता छेडत राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत.

खंबाटकीचा घाट ओलांडल्यावर भावानं प्रभाताईंचा मारुबिहाग राग लावला. 'जागू मैं सारी रैना' आमच्या पिढीनं इतक्यांदा ऐकलंय की पुढची जागा कुठे येणार हे अंगाला कळतं. मी आज गाण्याकडे कान न देता मागे वाजणाऱ्या तानपुऱ्यांकडे दिला. असं ठरवून ऐकलं नाही तर ते ऐकूच येत नाहीत, आणि काढून टाकले तर गाणं उभं राहत नाही. ताईंनी अपूर्व कल्याण, मधुरकंस असे नवे राग बांधले, गाण्याचा विचार लिहून ठेवला, स्वरमयी गुरुकुल उभं केलं. यातलं काही कागदावर राहिलं, काही ध्वनिमुद्रणात, काही शिष्यांच्या गळ्यात. त्यांच्या पाठीमागचे तानपुरे कुणी जुळवले, त्यांच्या घोड्या घासून जवारी कुणी काढली, याचा माग मात्र राहत नाही. आपल्याकडे कार्यक्रमपत्रिकेवर वाद्य घडवणाऱ्याचं नाव छापायची पद्धतच नाही.

कऱ्हाडला मामेबहिणीकडे जेवायला थांबलो. आज भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, घेवडा घातलेली लेकुरवाळी भाजी. बहिणीचा धाकटा मुलगा दोनदा गाडीपाशी जाऊन काचेतून तानपुरा बघून आला. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "आत कोण झोपलंय?"

मिरजेत पोचेपर्यंत दिवेलागण झाली. दुकान सतारमेकर गल्लीत, दोन पायऱ्या चढून. ज्यांनी हा तानपुरा घडवला ते चाचा २०२३च्या पावसाळ्यात गेले हे फोनवर कळलं होतं. आता त्यांचा मुलगा बघतो. चाळिशीचा, मितभाषी माणूस. त्यानं खोळ काढली, तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, बोटाच्या पेरानं दोन ठिकाणी टकटक केलं, भोपळ्याच्या गळ्याशी नाक नेऊन वास घेतला आणि म्हणाला, "अब्बांचाच हाय. ऱ्हाऊ द्या आज, थंड होऊ दे. प्रवासातनं आलाय."

मंगळवार, १४ जानेवारी. मिरज

सकाळी तिळगूळ घेऊन गेलो. दुकानात खाली बसूनच काम चालतं. एकीकडे छताला भोपळे टांगलेले, दुसरीकडे तुनाच्या लाकडाच्या दांड्या, स्पिरिट आणि चपड्या लाखेचा वास, जमिनीवर भुसा. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून. वेलावर पूर्ण पिकू द्यायचे, मग महिनोन्‌महिने वाळवायचे. कापायच्या आधी पाण्यात भिजत घालायचे, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या. ओलं तोंड हवं तेवढं फाकवून आत काटक्यांचा टेका द्यायचा आणि पुन्हा वाळू द्यायचं. चांगला भोपळा नुसत्या बोटानं वाजवला तरी कळतो, असं तो म्हणाला. माझ्यापुढे तीन भोपळे वाजवले. मला दोन सारखेच वाटले. त्यानं त्यातला एक लगेच बाजूला केला.

या गल्लीची गोष्ट मिरजेत सगळे सांगतात आणि ती सांगण्याजोगीच आहे. हे लोक मूळचे शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणं, शस्त्रं घडवणं हा धंदा. इंग्रजी अंमलात शस्त्रांचं काम संपलं. मिरज संस्थानात पटवर्धनांच्या दरबारी गाणं होतं, उत्तरेकडून गवई येत, त्यांची वाद्यं प्रवासात मोडत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांनी ती दुरुस्त करता करता नवी घडवायला सुरुवात केली. धातूला धार देणारे हात लाकडाला आणि भोपळ्याला लागले. आडनावंच सतारमेकर झाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चाचा त्याआधीच गेले होते. मुलगा म्हणाला, "त्या दिवशी कबरस्तानात जाऊन सांगून आलो."

मग त्यानं तानपुरा पुढ्यात घेतला. तबलीला केसाएवढी चीर आहे, ती सांधता येईल. दोन खुंट्या सैल, त्या बसवता येतील. तारा नव्या. पॉलिश हलक्या हातानं. हे सगळं त्यानं भराभर सांगितलं. घोडीपाशी आल्यावर तो थांबला. दिवा जवळ ओढला आणि मला वाकून बघायला सांगितलं.

जवारी म्हणजे काय हे मी तीस वर्षं तोंडानं सांगत आलेय. डोळ्यांनी इतकं जवळून आजच पाहिलं. घोडीवर हाडाची पट्टी असते, हल्ली बहुतेक उंटाच्या हाडाची. पूर्वी सांबरशिंगही वापरत, १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ते थांबलं. ही पट्टी सपाट नसते. मागून पुढे तिला इतका बारीक ढाळ दिलेला असतो की बोटाला जेमतेम कळेल. तार छेडली की थरथरताना त्या ढाळाला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि त्या स्पर्शातून एका सुरात अनेक सूर उमलतात. तारेखाली सुती दोरा सरकवून ती जागा नेमकी पकडायची. ढाळ जास्त झाला तर आवाज कोरडा, कमी झाला तर नुसती भणभण. माप कुठेही लिहिलेलं नाही. कानस, कान आणि धीर, एवढ्यावर चालतं.

बाईंच्या घोडीवर चार खाचा पडल्या होत्या. खर्जाच्या तारेखालची सगळ्यांत खोल.

"ह्या खाचा तुमच्या बाईंच्या," तो म्हणाला. "एवढी वर्षं वाजवल्यात, दुसऱ्या कुणाच्या असणार? आणि मागची ही उतरण बघा, हिथनं जी येती ती. ही अब्बांची. असा ढाळ दुसरं कोण देत न्हाई. शेवटची जवारी त्यांनीच काढली असणार, मला आठवतंय, बाई आल्त्या." मग बराच वेळ तो गप्प राहिला. "आता बोलता करायचा तर कानस मारायला लागणार. खाचा जाईपर्यंत. मंजे अब्बांचा हात बी जाणार."

दुसरा मार्गही त्यानं सांगितला. जुनी घोडी तशीच उतरवून कापडात बांधून द्यायची आणि नवी बसवायची. "ठेवा की आठवण म्हणून. नवी बी चांगली वाजंल. पण ती नवी असणार."

मी म्हटलं, बाकीचं सगळं करा, जवारीचं रविवारी येऊन सांगते.

दुपारी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँ इथेच आहेत. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना त्यांच्या छातीत दुखू लागलं. ते सिंगपेरुमाळकोइल नावाच्या आडस्टेशनावर उतरले आणि तिथेच गेले. देह मिरजेला आणला. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ इथे गाण्याची सभा भरते आणि गाणारे त्याला हजेरी म्हणतात. प्रभाताईंचे गुरू सुरेशबाबू माने हे खाँसाहेबांचे चिरंजीव, हिराबाई बडोदेकर खाँसाहेबांच्याच कन्या. बाईंच्या गुरू हिराबाईंच्या शिष्या. काल सकाळी पुण्यातून निघालेली रेघ मला या अंगणात येऊन टेकल्यासारखी वाटली. खाँसाहेबांना वाद्यदुरुस्तीचं अंग होतं आणि श्रुतींच्या, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांच्या, प्रयोगांत त्यांनी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना साथ दिली होती. तानपुरा कसा लागला पाहिजे याबद्दल या घराण्याचा जो हट्ट आहे तो कुठून आला हे मिरजेत उभं राहिलं की कळतं. गवई आणि कारागीर एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर राहत होते.

संध्याकाळी तबल्याच्या एका कारखान्यात डोकावलो. भिंतीवर झाकीर हुसेन यांचा फोटो, त्याला ताजा हार. पंधरा डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत ते गेले, उद्या महिना होईल. वय ७३. त्यांचे तबले करणारे मुंबईतले कारागीर मूळचे मिरजेचे, हे इथल्या प्रत्येकानं मला अभिमानानं सांगितलं. कारखान्यातले म्हातारे गृहस्थ शाईचे थर घोटत होते. एक थर लावायचा, दगडानं घासायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर. काम न थांबवता ते म्हणाले, "त्यांच्या हातात गेलं की आमच्या चुका दिसायच्या. आता कोण दाखवणार?"

बुधवार, १५ जानेवारी. कोल्हापूर

मिरजेहून तास-दीड तासाचा रस्ता. कोल्हापुरात मला एकच जागा बघायची होती, आणि ती बघवेल की नाही याची खात्री नव्हती.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून ते बांधलं, शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान. मल्लविद्या आणि नाटक यांना महाराजांनी भिंतीला भिंत लावून जागा दिली. आज दगडी भिंती उभ्या आहेत, त्यांवर काजळी, आणि वर नुसतं आभाळ. मी बाहेरूनच पाहिलं. रस्त्यापलीकडे उसाचा रस विकणारे काका म्हणाले, "त्या रात्री इथं माणसं रडत उभी होती. नट न्हवं, साधी माणसं."

या रंगमंचावर मी वयाच्या अकराव्या वर्षी कीर्ती शिलेदारांना ऐकलं होतं. आजोळ कोल्हापूरचं, मे महिन्याची सुट्टी. पद संपलं की वन्स मोअर, पुन्हा संपलं की पुन्हा वन्स मोअर, आणि प्रत्येक वेळी त्या ते थोडं वेगळं गायच्या. आजोबा शेवटी मांडी थोपटायचं सोडून नुसते हात जोडून बसले. जयराम आणि जयमाला शिलेदारांची ही लेक लहानपणीच रंगमंचावर उभी राहिली आणि संगीत नाटकाचे दिवस ओसरले तरी उतरली नाही. २०१८ साली त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. २२ जानेवारी २०२२ला गेल्या. त्याच महिन्यात, ८ जानेवारीला, गायक-नट रामदास कामत गेले होते, आणि ६ फेब्रुवारीला लतादीदी. तीस दिवसांत तिघं. तेव्हा वर्तमानपत्र उघडायचीच धास्ती वाटायची.

नाट्यगृह पुन्हा उभारणार आहेत, जुन्या रूपातच. ते व्हावं, लवकर व्हावं, असं मला मनापासून वाटतं. पण तिथे उभं असताना डोक्यात मिरजेची घोडी होती. ज्या फळ्यांवर कीर्तीताई उभ्या होत्या त्या फळ्या गेल्या. नव्या फळ्यांवर उद्या एखादी सोळा वर्षांची मुलगी उभी राहील आणि तिला त्या नव्या आहेत हे जाणवणारही नाही. यात वाईट काय आहे? मला उत्तर सुचलं नाही. अंबाबाईचं दर्शन घेतलं. जयपूर घराण्याचे गवई अल्लादिया खाँ याच देवळात गायचे. आवारात थोडा वेळ बसून राहिलो.

गुरुवार, १६ जानेवारी. आंबोलीमार्गे म्हापसा

दिवसभर प्रवास. आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा. घाटात भावानं गायिका मालिनीबाई राजूरकरांचा टप्पा, म्हणजे भराभर वळणाऱ्या तानांचा गानप्रकार, लावला आणि दोघंही गप्प झालो. अजमेरच्या, काही वर्षं गणित शिकवलेल्या, हैदराबादला संसार केलेल्या आणि महाराष्ट्रानं आपल्या मानलेल्या मालिनीबाई ६ सप्टेंबर २०२३ला गेल्या. टप्प्यात त्यांची तान वळणावर वळण घेते आणि एकही वळण पुसट होत नाही. आंबोलीच्या रस्त्यावर हे फार नीट कळतं.

म्हापशाला रात्र झाली. हे रामदास कामतांचं गाव.

शुक्रवार, १७ जानेवारी. म्हापसा, मंगेशी, बोरी

शुक्रवारचा बाजार. चणे, चोरीस, केळी, सुकी मासळी, मातीची भांडी. एका कुंभारणीपुढे मडक्यांच्या रांगेत तीन घुमटं होती, कातडं न चढवलेली. घुमट म्हणजे दोन्हीकडून उघडं मातीचं भांडं. मोठ्या तोंडाला कातडं ताणून बांधतात, लहान तोंड उघडं ठेवून तळव्यानं झाकत-उघडत आवाज घडवतात. चवथीच्या आरत्या, शिगमो, ख्रिस्ती घरांतला मांडो, सगळीकडे हे एकच वाद्य. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लागायचं. कायद्यानं घोरपडीला संरक्षण मिळालं आणि घुमट अडचणीत आलं. मग लोकांनी बकऱ्याचं कातडं चढवायला सुरुवात केली. २०१९ साली गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं.

कुंभारणीला मी विचारलं, बकऱ्याच्या कातड्याचा नाद तसाच येतो का? तिनं कोकणीत सांगितलं की तिच्या सासऱ्यांना तो कधी पटला नाही, मरेपर्यंत नावं ठेवत राहिले. "पूण भुरगीं वाजयतात मगो," ती म्हणाली. पोरं वाजवतात ना. तिच्या नातवंडांनी घोरपडीचं घुमट ऐकलेलंच नाही. त्यांच्या कानाला घुमट म्हणजे हेच.

मी एक विकत घेतलं, वर्तमानपत्रात गुंडाळून.

मंगेशीला देवदर्शन केलं. लतादीदी आणि दीनानाथांबद्दल इथे काही लिहीत नाही, त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. तिथून बोरीला गेलो, ज्यांच्याबद्दल कमी लिहिलं जातं त्यांच्यासाठी.

बोरीचे बोरकर म्हटलं की पहिल्यांदा कवी बा. भ. बोरकर आठवतात. पण तुळशीदास बोरकरही इथलेच, १८ नोव्हेंबर १९३४चा जन्म. पेटीवाले. पी. मधुकर म्हणजे मधुकर पेडणेकर त्यांचे गुरू. छोटा गंधर्वांपासून कितीतरी गवयांना त्यांनी साथ केली. २०१६ साली पद्मश्री मिळाली, २९ सप्टेंबर २०१८ला मुंबईत गेले. साथीदाराचं मरण कसं असतं ते मी तेव्हा पाहिलं. गवई गेला की त्याच्या नावानं ध्वनिमुद्रणं लागतात. साथीदार गेला तर त्याचं काय लावायचं? दुसऱ्याच्याच गाण्यात तो शोधावा लागतो. आम्ही त्या संध्याकाळी बाईंकडे जमलो होतो. बाईंनी एक जुनी मैफल लावली आणि सांगितलं, "गवई श्वास घेतो तिथे लक्ष द्या. तिथे बोरकर आहेत."

नवदुर्गेच्या देवळासमोर झाडाखाली बसून आम्ही तसंच ऐकलं. गवई थांबतो. त्या रिकाम्या जागेत पेटी दोनच सूर टाकते आणि सरून जाते. कुणाच्या लक्षात राहू नये इतकी अलगद.

रामनारायणजींनी नेमकं याच्या उलट केलं, तेही आठवलं. सारंगी पिढ्यान्‌पिढ्या मागे बसायची. १९५६च्या सुमाराला त्यांनी साथ सोडून सारंगी मंचाच्या मधोमध आणली आणि जगभर फिरवली. गेल्या ८ नोव्हेंबरला वांद्र्याला गेले, ९६ वर्षांचे होते. बोरकर मागे राहून मोठे झाले, रामनारायण पुढे येऊन. मला दोघंही हवेत.

जेवायला फोंड्यात थांबलो. खानावळीच्या मालकानं मोबाइलवर नाट्यगीतं लावली होती, त्यात प्रभाकर कारेकरांचं 'प्रिये पहा' लागलं. माशाचं ताट आणता आणता तो मोठ्यानं म्हणाला, "हो आमचो!" हा आमचा, गोव्याचा. त्या दिवशी कारेकर होते. मी ही वही साफ करायला बसेपर्यंत, १२ फेब्रुवारीला, मुंबईत तेही गेले. मूळ टिपणात त्यांच्याबद्दल मी फक्त "आवाज केवढा मोकळा" असं लिहिलंय. ते तसंच ठेवते.

शनिवार, १८ जानेवारी. मडगाव

मडगावात कॉलेजातली मैत्रीण राहते. तिच्याकडे चित्रकार लक्ष्मण पै यांच्या एका प्रदर्शनाचा जुना कॅटलॉग आहे, आणि मी आलेच होते त्यासाठी. पै मडगावचे, २१ जानेवारी १९२६चा जन्म. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, दहा वर्षं पॅरिसला राहिले, पुढे गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १४ मार्च २०२१ला, कोविडच्या त्या काळात, ९५व्या वर्षी गेले. माणसं जमवता येत नव्हती तेव्हा गेलेल्यांची आठवण काढायची राहून गेली आहे असं मला नेहमी वाटतं.

पैंनी रागांवर चित्रमालिका केली होती. स्वतः सतार आणि बासरी वाजवायचे. कागदावर राग काढायचा म्हणजे नायिका, मोर आणि ढग हा जुना प्रघात. पैंच्या चित्रांत रेषाच आलापासारखी फिरते. सुटते, लांबते, स्वतःवरच वळून येते. मैत्रीण पान उलटायची आणि मी रागाचं नाव झाकून ओळखायचा प्रयत्न करायचे. पाचातले दोन ओळखले. एका चित्रापाशी मात्र दोघीही थांबलो. निळ्यात निळा मिसळलेला आणि मधून एकच पिवळी रेघ. तिनं विचारलं, "पण गाण्याचं चित्र का काढायचं? गाणं आहे ना?" माझ्या तोंडून निघून गेलं, "गाणं संपतं म्हणून." मग मला वाटलं, पैंनी तसं धरलं नसणार. त्यांनी गाणं धरून ठेवायला चित्र काढलं नाही. गाणं ऐकून जे झालं त्याचं त्यांनी आपलं काहीतरी केलं.

दुपारी तिच्या बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसून मी मिरजेला फोन लावला. मागे कानस चालल्याचा आवाज येत होता, दुसऱ्या कुठल्या तरी वाद्याचा.

"ताई, काय ठरलं?"

मी म्हटलं, जुनीच ठेवा. कानस मारा. पण मी आल्यावर.

रविवार, १९ जानेवारी. मिरज

पहाटे मडगाव सोडलं. चोर्ला घाट, बेळगावात कुंदा, चिकोडीमार्गे मिरज. दोनच्या सुमाराला पोचलो. तानपुरा भिंतीशी उभा होता. तबलीची चीर शोधूनही सापडेना. खुंट्या घट्ट, अंगावर मंद चकाकी. फक्त तारा नव्हत्या.

त्यानं घोडी उतरवून पायाच्या अंगठ्यांमध्ये पकडली, तशीच त्याचे अब्बा पकडायचे म्हणे. कानस ठेवण्याआधी त्यानं पट्टीवरून अंगठा एकदा मागून पुढे नेला. मग मला म्हणाला, "तुमी बी बघा." मी बोट फिरवलं. चार खाचा, नखाला अडकणाऱ्या. त्यांच्या मागे तो ढाळ, इतका हलका की तो बोटाला लागतोय की मनाला, ते कळेना.

कानस फिरली. पांढरी पूड त्याच्या लुंगीवर पडत राहिली. दोन हात मारायचे, उजेडात धरून तिरकं बघायचं, पुन्हा दोन हात. पंचमाची खाच पहिल्यांदा गेली, मग जोडीच्या दोन्ही. खर्जाची बराच वेळ राहिली. तिच्यापाशी तो हळू झाला, शेवटी कानस ठेवून पॉलिश पेपर घेतला. मी एकदाही थांब म्हटलं नाही. भाऊ उठून बाहेर गेला.

घोडी बसवली, तारा चढवल्या, सूर बारकाईनं जुळवायचे मणी सरकवले. काळी पाचचा सूर मी दिला. पहिल्यांदा नुसती भणभण आली. त्यानं घोडी पुन्हा उतरवली, तीन-चार हात मारले, पुन्हा बसवली. मग कोरडा आवाज. पुन्हा उतरवली. असं किती वेळ चाललं, मी मोजलं नाही. चहा आला आणि निवून गेला. समोरच्या मशिदीत अजान झाली तेव्हा तो थांबला, संपल्यावर पुन्हा लागला. मधेच एकदा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "अब्बा हिथं थोडा जास्त ठेवायचे. मी न्हाई ठेवत."

शेवटी खर्जाच्या तारेखाली दोरा घातला आणि दोन बोटांनी केसभर पुढे, केसभर मागे सरकवू लागला. आवाज मिटलेला, मिटलेला, आणि एका जागी उघडला. खर्जातून गंधार वर आला. दुकानात टांगलेल्या सतारींच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा, आपोआप झिणझिणल्या.

बाईंच्या तानपुऱ्याचा तो आवाज नव्हता. थोडा जास्त मोकळा होता, थोडा कमी गोड. मी डोळे मिटून ऐकत राहिले. त्यानं तानपुरा माझ्या मांडीवर दिला आणि म्हणाला, "पंचम जरा उतरलाय, तो तुमी लावा."

मी मणी खाली ओढला.